जटेची वहिवाट

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५४ साली कल्याणास पोहोचला आणि पुढे तेथूनच त्याला दोन फाटे फुटले. एक बोरघाटाच्या दिशेने गेला, दुसरा थळघाट चढून नाशिकाकडे वळला. सिंहस्थ लागला म्हणजे या दुसऱ्या फाट्याने त्र्यंबकाची वाट धरणारे गोसावी, बैरागी आणि नागे कल्याणच्या फलाटावर दिसू लागतात, आणि डोंबिवलीहून कचेरीला निघालेला कारकून त्यांच्या माथ्यावरील जटाभाराकडे क्षणभर पाहून पुन्हा आपल्या गाडीच्या चिंतेत पडतो. त्याला नवल वाटत नाही, यात नवल नाही. ठाणे आणि कल्याण यांच्या परिसरात जटेची वहिवाट किमान हजार वर्षांची आहे. मात्र तिचा इतिहास कोणी सलग लिहिलेला नाही, कारण केसांची नोंद कोणत्याच दफ्तरात होत नसते. शिलालेख राजाच्या नावाने कोरला जातो, सनद इनामदाराच्या नावाने निघते, आणि ज्याच्या मस्तकावर जटा असते त्याच्यापाशी सहसा सनदही नसते आणि इनामही नसते.

तरीही पुरावा अगदीच नाही असे नाही. कल्याणपासून दोन-तीन कोसांवर, वालधुनी नदीच्या काठी, अंबरनाथचे शिवालय उभे आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा असून त्यात शिलाहारवंशीय माम्वाणिराजाचे नाव आहे. हे शिलाहार राजे स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, येथून उत्तर कोकणचा कारभार पाहत. मंदिराच्या बाह्यांगावर देवदेवतांच्या आणि सुरसुंदरींच्या गर्दीत जटाधारी तपस्वीही आहेत. आणि पायऱ्या उतरून ज्या खोल गाभाऱ्यात जावे लागते तेथे बसलेला देव तर जटाधाऱ्यांचा मूळपुरुषच होय. त्याहूनही जुने रूप पाहावयाचे तर घारापुरीस जावे. तेथील महाकाय सदाशिवाच्या मधल्या मुखावरील जटामुकुट शिल्पकाराने इतक्या बारकाईने घडविला आहे की, बट बटेवर चढवून, रत्नपट्टीने आवळून ती उंच रचना कशी बांधली असेल हे समोर उभे राहिले असता पायरीपायरीने उलगडत जाते. शेजारच्या उग्र मुखाच्या केसांत मात्र सर्प आणि कवटी गुंतलेली आहेत. एकाच मस्तकावर रचलेली जटा आणि मोकाट सुटलेली जटा, दोन्ही एकाच छिन्नीने कोरलेल्या.

शिलाहारांच्या घराण्याने आणखी एक गोष्ट या विषयाला दिली, ती दगडाची नव्हे, ग्रंथाची. बाराव्या शतकातील अपरादित्य या राजाच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीची विस्तृत टीका आहे आणि ती अपरार्क या नावाने धर्मशास्त्राच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. स्मृतींचा मुद्दा असा की, त्यांनी जटेला मुदत आणि अधिकार ठरवून दिले होते. ब्रह्मचाऱ्याने मुंडन करावे, सर्व केसांची जटा राखावी किंवा केवळ शेंडीची जटा करावी, अशी त्यास मोकळीक होती. वानप्रस्थाने दाढी, जटा आणि अंगावरील केस वाढू द्यावेत असा नियम होता. संन्याशाने पुन्हा मुंडन करावे. मधल्या साऱ्या गृहस्थाश्रमात जटेला जागा नव्हती. जटा हा आयुष्याचा एक टप्पा होता, त्यात शिरणारा आपल्या इच्छेने शिरे आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग शास्त्रानेच आखून ठेवला होता.

जटा करावी कशी, याचे सर्वांत जुने परिचित वर्णन वाल्मीकींच्या अयोध्याकांडात सापडते. गंगेच्या काठी निषादराज गुहाला राम वडाचा चीक आणावयास सांगतो आणि त्या चिकाने स्वतःच्या व लक्ष्मणाच्या जटा वळतो. राजवाड्यात रोज तेलफणी झालेल्या केसांची एका दिवसात जटा व्हावयाची तर काहीतरी चिकट द्रव्य हवेच, हे कवीने जाणले होते. आणि चौदा वर्षांनी राम परतला तेव्हा राज्याभिषेकापूर्वी कुशल, हलक्या हाताचे न्हावी बोलावून जटा उतरविल्या गेल्या, याचीही नोंद त्याच काव्यात आहे. भाविक वाचक पहिल्या प्रसंगी डोळे पुसतो आणि दुसऱ्या प्रसंगावरून भराभर पुढे जातो. पण जटेच्या इतिहासकाराने न्हाव्यांकडे दुर्लक्ष करू नये.

चीक न लावताही जटा होते, फक्त वेळ लागतो. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. कंगवा फिरला की ते निघून जातात, न फिरला तर शेजारच्या जिवंत केसांना वेटाळून तेथेच राहतात. प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांत अडकतात, घर्षणाने आणि ओलाव्याने घट्ट होतात, आणि लोकरीचा नमदा बनावा तशी बट आवळत जाते. कुरळे केस काही महिन्यांत वळतात, सरळ आणि मऊ केसांना वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या अवधीत लांबी आखडते, बटा वेड्यावाकड्या फुगतात आणि मनुष्य काहीसा विस्कटलेला दिसतो. हल्ली डोंबिवलीत किंवा ठाण्यात जे तरुण हौसेने जटा राखतात त्यांच्यापैकी बरीच मंडळी याच पायरीवर धीर सोडतात, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळजण क्रोशाच्या सुईने बटा विणून देणाऱ्या कारागिराकडे धाव घेतात. ज्यांना ती नैसर्गिक रीतीनेच वाढवावयाची असते त्यांना कर्तव्ये थोडीच, पण ती चुकवून चालत नाहीत. केस नेमाने धुवावे, कारण स्वच्छ आणि रुक्ष केस तेलकट केसांपेक्षा लवकर वळतात. मेण किंवा चिकट लेप लावू नये, कारण तो आत शिरला की बाहेर निघत नाही. दोन बटा मुळाशी एक होऊ लागल्या की बोटांनी हळूच विलग कराव्यात, नाही तर काही महिन्यांनी डोक्यावर एकच पाटा तयार होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, धुतल्यावर जटा गाभ्यापर्यंत वाळू द्यावी. आमच्या भागातील पावसाळ्यात हे शेवटचे काम सोपे नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जेथे दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस दमट राहतात, तेथे मनगटाएवढी जाड बट सकाळी धुऊन लोकलच्या गर्दीत शिरल्यावर ती संध्याकाळीही आतून ओलीच राहते, आणि तिला एकदा कुबट वास लागला की तो महिनोन्महिने जात नाही. म्हणून जाणते लोक रविवारी सकाळी न्हातात आणि दिवसभर पंख्याखाली बसतात.

या तरुणांच्या खोलीतील भिंतीवर शिवाचे चित्र असो वा नसो, बॉब मार्लेचे बहुधा असतेच. मार्लेचा जटाधारी रास्ताफारी पंथ जमेकात १९३० च्या सुमारास उदयास आला आणि त्याच्या आरंभीच्या प्रचारकांत लेनर्ड हॉवेल हे नाव अग्रगण्य आहे. हिंदुस्थानातील गिरमिटिया मजुरांचे पहिले जहाज त्या बेटास १८४५ साली लागले होते. त्या मजुरांनी नेलेला गांजा हा शब्द तेथे रुळला, आणि त्यांच्यामागून साधूंच्या जटाही गेल्या असाव्यात, असे काही संशोधक मानतात. इतर काहींच्या मते त्या जटांचे मूळ आफ्रिकेतच शोधावे लागेल. मला हा वाद निर्णायक वाटत नाही. केस गुंततात ते सर्व खंडांत, आणि त्यांना अर्थ जोडण्याची मनुष्याची खोडही सर्व खंडांत आहे.

कल्याणच्या दक्षिणेस असलेल्या मलंगगडावर या खोडीचे एक वेगळेच दर्शन घडते. गडावर हाजी मलंग यांचा दर्गा आहे आणि तेच मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान होय, असे हिंदू भाविक मानतात. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, मलंग हे नाव ज्या फकिरांना लावले जाते ते मकनपूरच्या शाह मदारांच्या परंपरेतील असून जुम्मनजती या शिष्यास आपला आद्यपुरुष मानतात. गुरूने ज्या मस्तकावर हात ठेवला त्या मस्तकावरील केसांना कात्री लावावयाची नाही, अशी या मंडळींत श्रद्धा आहे. म्हणून त्यांचे केस वाढतात, गुंततात आणि मागे गाठ मारून बांधले जातात. गोसाव्याची जटा आणि मलंगाची जटा शेजारी ठेवली तर न्हाव्यालाही भेद सांगता येणार नाही. दर्ग्याची वहिवाट मात्र कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आली. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने दिलेली हकीकत अशी: इंग्रजांनी १७८० च्या सुमारास कल्याणात ठाण मांडले होते, ते १७८२ मध्ये गेले तेव्हा पेशव्यांनी कृतज्ञतेने मोत्यांची झालर लावलेली भरजरी चादर काशिनाथपंत केतकरांच्या हाती गडावर पाठविली; आणि १८१७ साली व्यवस्थेचा तंटा निघाला असता पिराच्याच मर्जीवर निर्णय सोपवून चिठ्ठ्या टाकण्यात आल्या, तेव्हा तिन्ही वेळा कौल पंतांच्या वारसाच्या बाजूने पडला. यात्रा माघी पौर्णिमेस भरते.

त्याच माघी पौर्णिमेस बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लमाची यात्रा भरते, आणि तेथून जटेच्या इतिहासाचे ते प्रकरण सुरू होते ज्यात व्रत नाही, मुदत नाही आणि इच्छाही नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांतून आणि सीमेपलीकडून जी कुटुंबे गिरण्यांच्या व कारखान्यांच्या आधाराने मुंबई, ठाणे, कल्याण या पट्ट्यात येऊन स्थायिक झाली त्यांच्याबरोबर देवीही आली, पोतराजही आला आणि जटही आली. पाठीवर केस मोकळे सोडून, आसूड ओढीत चाळीच्या दारात उभा राहणारा मरीआईचा पोतराज कल्याणच्या जुन्या रहिवाशांना चांगला आठवत असेल. त्याचे केस त्याच्या जन्मापूर्वीच कोणीतरी नवसात बोलून टाकलेले असत. बाईच्या बाबतीत नवसाचीही जरूर नसे. बाळंतपणात, दीर्घ आजारात किंवा दिवसभराच्या कष्टात आठवडाभर विंचरणे राहिले, मानेवर एक गाठ बसली, की सासू, शेजारीण किंवा देवऋषी म्हणे, देवीची जट आली. मग त्या गाठीला हळदकुंकू वाहावयाचे, तिला फणी लावावयाची नाही, कात्री तर नाहीच. कापली तर रक्त येईल, घरात मृत्यू होईल, डोळे जातील. पोर कुमारी असली तर गळ्यात लाल-पांढरे मणी बांधून तिला देवीला सोडण्यापर्यंत प्रकरण जाई, आणि हाती परडी घेऊन जोगवा मागणे हीच पुढे तिची उपजीविका होई. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या २००९ च्या ‘जोगवा’ या चित्रपटामुळे हे चित्र शहरी प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले.

हे भय आपल्याकडचेच नव्हे. पोलंड देशात अशाच गुंत्याला रोगाचे निस्सरण मानीत आणि तो कापल्यास मनुष्य आंधळा किंवा वेडा होतो अशी समजूत कित्येक पिढ्या टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकोव्हचे वैद्यकाचे अध्यापक योझेफ दीत्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे असे प्रतिपादन करून त्या समजुतीविरुद्ध मोहीम चालविली. आपल्याकडे अशा प्रथांवर पहिला घाव सामाजिक बाजूने पडला. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज आदींच्या सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी हे जिणे टाकून द्या असे निक्षून सांगितले. पुढे धर्मांतरानंतर अनेक घरांतील पोतराजकी संपली. कायदेही झाले, मुंबई इलाख्याचा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा. पण कायदा देवीला मुलगी सोडण्यास बंदी करतो, मानेवरील गाठ सोडवून देत नाही.

ते काम डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांची जट उतरविली आहे. यातील कात्रीचे काम तासा-दीड तासाचे असते आणि त्याच्या आधीचे बोलण्याचे काम महिन्यांचे. बाईला समोर बसवून प्रथम मुळाशी बोट घालून पाहतात, कारण कवटी आणि जट यांच्यामध्ये नव्याने वाढलेल्या मोकळ्या केसांचा पातळ थर असतो आणि कात्री तेथूनच चालवावयाची असते. हळद, तेल आणि घाम यांनी वर्षानुवर्षे लिंपलेली जट कात्रीला सहजी दाद देत नाही. थोडे थोडे कापीत, पाते पुसत पुढे जावे लागते. आत कधी उवा सापडतात, कधी व्रण. जट खाली पडल्यावर बाई पहिल्याने मान फिरवून पाहते, कारण त्या ओझ्याने ती कित्येक वर्षे एका कुशीवर निजलेली असते.

आणि तरीही कात्री लागण्यापूर्वी घरातील कोणीतरी एक प्रश्न विचारतोच, बहुधा दीर किंवा सासरा, दारात उभा राहून: “उद्या घरात काही बरेवाईट झाले, तर जबाबदार कोण?” कार्यकर्ती ती जबाबदारी आपल्या माथी घेते. मग तो पुरुष बाजूला होतो, आणि ज्या बाईच्या डोक्यावरची ती जट असते तिला, बहुतेक पहिल्यांदाच, तुझे काय म्हणणे आहे असे विचारले जाते.