शत्रूच्या छावणीत बांधलेलं चॅपल



मागच्या भागात आपण चौथ्या भारतीय डिव्हिजनबरोबर उत्तर आफ्रिकेत होतो. डिसेंबर १९४० मध्ये सिदी बर्रानीला हजारो इटालियन सैनिक पकडले गेले. पुढच्या लढायांत आणखी पकडले गेले. या कैद्यांचं पुढे झालं काय? बरेच हिंदुस्थानात आले. हिमाचलातल्या योलच्या छावणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. काहींची रवानगी मात्र स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर झाली. तिथे त्यांनी बांधलेलं एक चॅपल मी पाहून आलो. आज त्याची गोष्ट.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरून बोटीने साधारण तासाभरात साउथ रोनाल्डसे बेट येतं. तिथून गाडीने समुद्रात घातलेले तीन बांध ओलांडले की लॅम्ब होम. झाड नाही, वस्ती जवळपास नाही. नुसतं गवत आणि वारा.

हे बांध का घातले? १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-४७ स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरली आणि तिने रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली. आठशेहून अधिक माणसं गेली. पूर्वेकडच्या वाटा कायमच्या बंद करायचा हुकूम चर्चिलने दिला. काम प्रचंड, माणसं कमी. म्हणून १९४२ मध्ये इटालियन कैदी आणले. लॅम्ब होमवरच्या ६० नंबरच्या छावणीत सुमारे ५५० जण होते.

जिनिव्हा करारानुसार कैद्यांना थेट युद्धाचं काम देता येत नाही. त्यांनी कामाला नकार दिला. हे बांध म्हणजे बेटं जोडणारे रस्ते आहेत, असं त्यांना सांगितलं गेलं आणि काम पुन्हा सुरू झालं. ही शब्दांची कसरत मला, एका फौजी माणसाला, आजही खटकते. पण माझी गाडी त्याच रस्त्यावरून गेली, हेही खरं.

कैद्यांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. छावणीप्रमुख मेजर बकलंड यांनी अर्धगोल पत्र्याच्या दोन बराकी दिल्या. मोएना गावच्या दोमेनिको किओक्केती या चित्रकार कैद्याने त्या एकाला एक जोडून घेतल्या. बाकी सामान भंगारातलं. वेदी काँक्रीटची, दिवे खारवलेल्या मांसाच्या रिकाम्या डब्यांचे. पालुंबी नावाच्या लोहाराने लोखंडी जाळी घडवली. वेदीमागचं मेरी आणि बाळ येशूचं चित्र किओक्केतीने आईने दिलेल्या छोट्या चित्रावरून काढलं.

आत गेल्यावर भिंती विटांच्या आणि कोरीव दगडाच्या वाटतात. जवळ गेलो तेव्हा कळलं, तो सगळा रंग आहे. सपाट पाटावर काढलेली वीट! मी टोपी काढून बराच वेळ उभा राहिलो.

मला वडील आठवले. ते सुभेदार होते. १९७१ नंतर काही महिने त्यांची ड्यूटी पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या छावणीवर होती. कैद्यांनी नमाजाची जागा रंगवायला चुना मागितला. वडिलांनी वरिष्ठांना विचारून दोन बादल्या दिल्या. शेजारच्यांनी नावं ठेवली. वडील एवढंच म्हणाले, "हत्यार घेतलं ना त्यांचं? मग झालं." मी तेव्हा शाळेत होतो; मलाही त्यांचा राग आला होता. तो लॅम्ब होमला उतरला.

आता दुसरी बाजू. हे कैदी ऑर्कनीत असतानाच, १० जुलै १९४४ रोजी, त्यांच्याच देशात टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. रायगडातल्या माणगावकडचा हा तरुण. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतच, कॅसिनोच्या स्मारकावर, त्याचं नाव आहे. इटालियन माणूस ऑर्कनीत रंग देत होता आणि आपला माणूस इटलीत रक्त सांडत होता.

सप्टेंबर १९४४ मध्ये कैदी बेटावरून गेले. किओक्केती मात्र काम पुरं करायला काही दिवस मागे राहिला. युद्धानंतर छावणी पाडली, चॅपल ठेवलं. बेटाच्या मालकाने ते जपण्याचा शब्द दिला होता. १९६० मध्ये डागडुजीसाठी किओक्केतीला पुन्हा बोलावलं, आणि तो आला. ज्या बेटावर कैदी होता, तिथे पाहुणा म्हणून आला.

मंडळी, लढाई जिंकली की हाती आलेल्या माणसाशी आपण कसे वागलो, याचाही हिशेब इतिहासात राहतो. बकलंडसाहेबांनी दोन बराकी दिल्या, माझ्या वडिलांनी दोन बादल्या चुना.

जय हिंद.