ढाळजेच्या माळवदाचा जमाखर्च



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून अंक काढायचं ठरलं, आन् मंडळी मला म्हणाली, महाराज, तुमी जुनं लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. कीर्तनाला उभा राहिलो तर बोलतो, पण लिहायची सवय नाही. विणेकऱ्यांचं कुणी लिहील, वाटेवरच्या मुक्कामांचं कुणी लिहील. मी आपल्या दिंडीची वीणा ज्या ढाळजेत टांगलेली हाय, त्या ढाळजेच्या माळवदाचं लिहितो. वीणा माणसांनी सांभाळली हे खरं, पण पावसापासून तिला माळवदानं सांभाळलं. त्या माळवदाला काय खर्च आला, हे आजच्या पोरांना ठाऊक नाही.

आपल्या उदगीर भागात पूर्वी घर मोजायचं ते खणावर. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. खांबावर तुळई, तुळईवर सर, सरावर किलच म्हणजे बारीक लाकडाच्या पट्ट्या, त्यावर पाला आन् त्यावर माती. वरचा थर गावच्या पांढरीतल्या मातीचा, कारण त्या मातीतून पाणी लवकर उतरत नाही. ऐपतवाल्याच्या घरी सागवान, बाकीच्यांकडं लिंब-बाभूळ. भिंती दोन-अडीच हात रुंद, दगड-मातीच्या. उन्हाळ्यात आत बसलं की गारवा. आपल्या मूळ विणेकऱ्यांनी भजनाला म्हणून अशी ढाळज दिली, चार खणाची, दहा फूट रुंद आन् वीस फूट लांब.

मृगाच्या आधी माळवदाला माती टाकायची, हा नेम होता. पेरणीची तयारी आन् माळवद, ही दोन कामं झाल्याबिगर वारीला पाय काढायचा नाही. कारण गडी पंढरपूरच्या वाटंनं जाणार आन् घरी बायका-लेकरं झडीच्या पावसात राहणार. माझी आजी म्हणायची, देवाला जायचं तर खुशाल जा, पण माझ्या चुलीवर पाणी गळू देऊ नका. गाढवावर माती यायची, गडी वर खोऱ्यानं पसरायचे, बाया पाणी शिंपडायच्या, आन् मग चोपण्यानं चोपून पन्हाळीकडं उतार काढायचा. मजुरी पायलीनं ज्वारीत. तवा निजामाचं राज्य, उदगीर बीदर जिल्ह्यात. हाली सिक्का वेगळा आन् इंग्रजांचा कलदार वेगळा. रोकड पैसा माळवदाच्या कामात फार लागायचाच नाही. माती गावची, हात घरचे. म्हणून सगळे म्हणायचे, माळवद लई स्वस्त.

1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. 1956 ला आपण मराठवाड्यासोबत मुंबई राज्यात आलो. 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या साली पाऊसच नाही तर माळवद कशाला, असं कुणी म्हणालं. तरी वडिलांनी चार पाट्या माती टाकलीच. नेम मोडायचा नाही म्हणून.

आता मला जे सांगायचं ते इथं हाय. दर साली आपण माती टाकली, पण जुनी कधी काढली नाही. एका बोटाचा थर काही डोळ्याला दिसत नाही. तीस वर्षांत तीस बोटं झाली की दोन फुटांच्या आसपास जातात.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटं, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती शिरवून माणसं थकून झोपली होती. लातूर आन् उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं उठवून दुसऱ्या जागी वसवावी लागली. रुंद भिंती फुटल्या आन् वरची माती खाली आली. जिथं लाकडी खांब नीट होते, तिथं भिंती पडूनही माळवद खांबावर उभं राहिलं आन् आतली माणसं वाचली, असंही पुष्कळ ठिकाणी झालं.

माझी मावसबहीण औसा तालुक्यात दिली होती. त्या उन्हाळ्यात मी तिच्या घरी गेलतो. मेव्हणे आजारी होते, म्हणून मी दोन दिवस राहून तिच्या माळवदाला माती टाकून दिली. ती खालून म्हणाली, दादा, अजून चार पाट्या टाक, म्हंजी गळायची भीती नाही. मी टाकल्या. त्या पहाटं ती आन् तिची धाकटी लेक त्याच माळवदाखाली गेल्या. मी ही गोष्ट कीर्तनात कधी सांगितली नाही. सांगायला उभा राहिलो की आवाज बसतो. म्हणून आज लिहून ठेवतो.

पुढं सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून घरं दुरुस्तीची योजना आणली. तडे गेलेल्या घरांना 17,000 ते 34,000 रुपये मिळायचे. आपल्या ढाळजेच्या भिंतीलाही तडे होते. एक इंजिनिअर साहेब आले, पहार घेऊन माळवद उकरलं. थरावर थर दिसले, एक पिवळसर, एक पांढरा. ते म्हणाले, महाराज, एक घनफूट माती पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. मी हिशोब केला. नव्वद क्विंटल! पन्नास किलोची एकशे ऐंशी पोती डोक्यावर ठेवून आपण भजन करीत होतो.

साहेबांनी सांगितलं, माती वीतभरच ठेवा, खांब आन् तुळई जिथं भेटतात तिथं तिरके टेकू ठोका, भिंतीत आरपार दगड घाला. त्यावर दिंडीत लई वाद झाला. तवाचे विणेकरी बाबा म्हणाले, ही माती वाडवडिलांनी वारीला जाताना टाकलेली हाय, ती कशी फेकायची? कुणी बोलंना. मग मी माझ्या बहिणीचं सांगितलं, त्या एकाच वेळी. बाबा उठले आन् पहिली पाटी त्यांनीच भरली. पाच ट्रॉल्या माती निघाली. फेकली नाही, शेतात पसरली. पांढरीची माती खतासारखी असते, त्या साली ज्वारी चांगली आली.

यंदा शताब्दीसाठी उरलेली वीतभर मातीही काढली. जुने खांब अन् तुळया तशाच ठेवून वर पत्रा घातला. खर्च असा: पत्रे 16,800, लोखंडी पाईप 13,500, कारागिराची मजुरी 9,000, लाकूड घासून तेल लावायला 2,600 आन् रंग 3,400. एकूण 45,300 रुपये. वर्गणीतून झाले, कुणाचं देणं नाही.

रंगाचं एक सांगतो, कुणाच्या उपयोगी पडंल. मागं माझ्या घरच्या नव्या पत्र्याला घाईनं तसाच रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले आन् पैसे दोनदा गेले. जस्ताचा नवा पत्रा गुळगुळीत असतो, त्यावर रंग धरत नाही. आधी धुवून पुसून घ्यावा, त्याच्यासाठीचा वेगळा प्रायमर मारावा, मग रंग. रेड ऑक्साईड लोखंडी पाईपाला. वरून पांढरा रंग द्यावा, ऊन कमी ओढतो. पत्र्याला माळवदाचा गारवा येत नाही, हे मात्र कबूल.

तर मायबाप, असा हा जमाखर्च. माळवद स्वस्त होतं असं आपण म्हणत आलो, पण त्याचं बिल उशिरा आलं. वाडवडिलांचा नेम खोटा नव्हता, त्यांनी मायेनंच माती टाकली. फक्त टाकण्याचा नेम ठेवला, काढण्याचा ठेवला नाही. पुढच्या पिढीनं दोन्ही ठेवावेत. वारीला निघायच्या आधी एक माणूस वर चढवावा. गळतंय का ते तर बघावंच, पण वर ओझं किती झालंय तेही बघावं.

चूकभूल माफ असावी. राम कृष्ण हरी.