स्वयंपाकघरातील लाकडी मुठीची कुळकथा

सुरी, विळा, कोयता, उलथणे, झारा, तळणीचा तवा यांचा हातात धरायचा लाकडी भाग म्हणजे मूठ. तोच लांब असला की दांडा किंवा दांडी. मुठीला लाकूड फारसे लागत नाही. वीतभर लांब आणि दोन बोटे रुंद तुकड्यात सुरीची मूठ सहज निघते. त्यामुळे दार, पलंग, नांगर किंवा जहाज बांधून उरलेले तुकडे हाच मुठीचा कच्चा माल ठरला. मात्र लाकूड टणक हवे. मुठीला ओल, तेल, उष्णता आणि रोजची रगड सोसावी लागते. मऊ लाकूड त्यात टिकत नाही.

मुठीचा इतिहास मुख्यतः जोडाचा इतिहास आहे. पाते दगडाचे असो वा पोलादाचे, ते लाकडात पक्के कसे बसवायचे हा प्रश्न प्रत्येक काळात नव्याने सोडवावा लागला. पहिले उत्तर चिकटवणे आणि बांधणे हे होते. १९९१ साली आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया-इटली सीमेजवळ बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओत्झी' नावाच्या माणसाजवळ गारेच्या दगडाचा छोटा सुरा होता. त्याची मूठ अ‍ॅश या टणक लाकडाची असून पाते मुठीच्या खाचेत घालून जनावराच्या स्नायुतंतूंनी आवळले होते. महाराष्ट्रात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कॅल्सेडनी दगडाची अरुंद, समांतर धारांची पाती मोठ्या संख्येने मिळाली. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवून वापरत. लाकूड मातीत कुजते, म्हणून उत्खननात पाती हाती लागतात आणि मूठ अनुमानाने जाणावी लागते.

धातू आला तसा जोड बदलला. तांबे किंवा लोखंड ठोकून पात्याचा मागचा भाग निमुळता करता येतो आणि ही शेपटी लाकडाच्या भोकात ठोकून बसवता येते. कुऱ्हाडीसारख्या जड हत्याराला एवढे पुरत नसे. विदर्भातील माहुरझरी, नायकुंड यांसारख्या महापाषाणयुगीन स्थळांवर लोखंडी कुऱ्हाडींसोबत आडव्या लोखंडी पट्ट्या मिळाल्या आहेत. पाते आणि दांडा एकत्र जखडण्यासाठी त्या वापरत.

शेपटीच्या जोडात दोन दोष राहतात. पाते ठोकताना किंवा दाब आल्यावर मूठ तोंडाशी चिरते आणि लाकूड वाळले की शेपटी हलू लागते. पहिल्यावर उपाय म्हणून मुठीच्या तोंडाला लोखंडाची किंवा पितळेची कडी, म्हणजे शेंबी, चढवतात. दुसऱ्यावरचा उपाय भारतात लाखेने केला. मुठीच्या भोकात लाखेची किंवा राळेची पूड भरायची, शेपटी तापवून आत दाबायची आणि निवू द्यायची. लाख वितळून सगळी पोकळी भरते आणि थंड झाल्यावर पाते घट्ट धरते. पुढे कधी मूठ बदलायची झाली, तर पाते तापवले की ती सुटून येते.

युरोपात चौदाव्या शतकापासून वेगळी रचना रुळली. शेपटी निमुळती न ठेवता मुठीइतकी रुंद आणि चपटी ठेवायची, दोन्ही बाजूंना लाकडाच्या चकत्या लावायच्या आणि आरपार रिव्हेट ठोकायचे. आजच्या बहुतेक चांगल्या सुऱ्या याच पद्धतीच्या असतात. उरल्यासुरल्या लाकडाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता, कारण आता जाड ठोकळाही लागेना. बोटाएवढ्या जाडीच्या दोन फळ्या पुरू लागल्या. इंग्लंडमधील शेफील्ड हे सुऱ्यांचे मोठे केंद्र होते. तिथल्या कारागिरांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. शेफील्डच्या मुठींसाठी बॉक्सवुड, आबनूस, शिसवी यांबरोबर शिंग आणि हाडही वापरत. यांपैकी शेवटची दोन खाटीकखान्यातून उरणारी होती.

महाराष्ट्राच्या खेड्यात हे काम लोहार आणि सुतार या दोन बलुतेदारांत वाटलेले होते. लोहार विळ्याचे पाते घडवी, सुतार मूठ बसवी. लाकूड बहुधा बाभळीचे असे. शेतकरी आपल्या बांधावरची बाभूळ औतासाठी देई आणि नांगर, कुळव घडवून उरलेल्या ढलप्यांतून विळ्या-खुरप्याच्या मुठी निघत. वाकसाने तासलेली मूठ गुळगुळीत होई ती मुख्यतः वापरानेच. कोकण-गोव्यात करवंटीला बांबूची किंवा लाकडाची दांडी बसवून दवली करत. तिची वाटी आणि दांडी दोन्ही टाकाऊ मालातून येत.

मराठी स्वयंपाकघरात शिजवण्याच्या भांड्यांना मात्र लाकडी मूठ उशिरा आली. पितळी पातेल्याला बाहेर वळलेला काठ असतो. तो सांडशीत धरून भांडे उतरवत, तर कढईला धातूचे कान असत. चुलीच्या जाळाशी लाकडी दांडी टिकलीही नसती. रॉकेलचा स्टोव्ह आणि पुढे गॅस आला, जाळ भांड्याखाली मर्यादित राहू लागला आणि एका हाताने उचलायच्या लांब दांडीच्या भांड्यांची सोय झाली. तिथे लाकडाचा खरा गुण उष्णता अडवण्याचा. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने वाहते; स्टेनलेस स्टील त्याहून मंद असले, तरी लाकडाच्या जवळपास शंभरपट वाहक आहे.

विसाव्या शतकात लाकडाला प्रतिस्पर्धी मिळाला. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बेकेलाइट तयार केले. एकदा घट्ट झाले की ते उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही आणि साच्यात एकसारख्या मुठी झटपट पाडता येतात. नुसते बेकेलाइट ठिसूळ असते, म्हणून त्यात लाकडाची बारीक भुकटी मिसळत. लाकडी मुठीला हटवणाऱ्या पदार्थातही गिरणीतले टाकाऊ लाकूडच होते. पुढे हेच रेझिन लाकडाच्या पातळ पापुद्र्यांत मुरवून, ते थरावर थर दाबून घट्ट केलेले लाकूड तयार झाले. पाणी फारसे न शोषणारे हे लाकूड आज अनेक महागड्या सुऱ्यांच्या मुठींना असते.

टाकाऊ लाकडातून हाताने मूठ करायची, तर निवडीलाच अधिक लक्ष लागते. वखारीतले, फर्निचरच्या कारखान्यातले किंवा जुने वाडे पाडताना निघालेले शिसव, साग, बाभूळ, खैर चालते. जुन्या वास्याचे लाकूड पुरते वाळलेले असल्याने ते फारसे वाकत-आकसत नाही. रेल्वेचे जुने स्लीपर मात्र टाळावेत. ते टिकावेत म्हणून त्यांत क्रिओसोट मुरवलेले असते आणि ते विषारी आहे. जुन्या रंगाच्या थरात शिसे असू शकते, म्हणून रंगवलेल्या दारांचे लाकूडही नको. शिसवीचे लहान तुकडे तर आता विशेष मोलाचे आहेत, कारण शिसवी ज्या डालबर्जिया प्रजातीत मोडते तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून 'सायटिस' कराराचे नियंत्रण आहे.

तुकडा घेताना रेषा मुठीच्या लांबीला समांतर असाव्यात. रेषा तिरप्या गेल्या, तर मूठ नेमकी तिथेच तुटते. गाठी आणि खोडाचा मध्य टाळतात. सुरीसाठी सुमारे १२ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद आणि ८ ते १० मिलिमीटर जाड अशा दोन चकत्या एकाच तुकड्यातून कापतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा रंग जुळतो. पहिली चकती शेपटीला आवळून, शेपटीतल्या भोकांतूनच तिला भोके पाडतात. मग तिच्यावरून दुसरीला. पात्याकडची टोके चिकटवण्यापूर्वीच गोल करून घासून घ्यावी लागतात, कारण नंतर पात्याला चरा पाडल्याशिवाय कानस तिथे पोचत नाही. इपॉक्सी गोंद लावून, पितळेच्या सळया भोकांत घालून चकत्या रात्रभर दाबून ठेवतात. मग कानशीने आकार देऊन पॉलिश पेपरने घासतात. शेवटी मुठीवर ओला फडका फिरवतात. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा घासले की पुढे पाणी लागूनही मूठ खरखरीत होत नाही.

वर जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात देतात. हे तेल हवेने घट्ट होऊन लाकडात बसते. खोबरेल तसे घट्ट होत नाही. लाकडी मुठीचे भांडे पाण्यात भिजत ठेवू नये, धुऊन लगेच पुसावे आणि मूठ फिकी, कोरडी दिसू लागली की पुन्हा तेल द्यावे. चकती चिरली, तर सळया काढून तेवढी चकती बदलता येते; पाते तेच राहते.