आलेखी कॅल्क्युलेटर : असेंब्ली प्रोग्रॅमिंग

कॅल्क्युलेटरच्या प्रोसेसरला त्याच्याच आज्ञासंचातून थेट आज्ञा देण्याची पद्धत. सातारा-सांगलीकडे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर फारसा रुळला नाही. प्रोग्रॅम करता येणारे यंत्र विद्यापीठाच्या परीक्षेत चालत नसे. इथल्या विद्यार्थ्याची असेंब्लीशी गाठ पडे ती प्रयोगशाळेतल्या ८०८५ प्रोसेसरच्या सराव-किटवर, मग महाविद्यालय सांगलीचे वालचंद (१९४७) असो, कराडचे शासकीय अभियांत्रिकी (१९६०) असो की साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील (१९८३). त्यामुळे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) आणि ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) यांच्या यंत्रांची तुलनाही त्या किटपासूनच केलेली बरी.

टीआय-८३ प्लसमध्ये (१९९९) झेड८० प्रोसेसर आहे. तो आणि ८०८५ दोन्ही १९७६चे, दोन्ही इंटेल ८०८०च्या वंशातले. किटवर ०६ ०५ दाबले की बी रजिस्टरमध्ये ५ जातात. टीआयवरही तेच होते. ८० म्हणजे बी मिळवणे आणि २७ म्हणजे डीएए (बेरजेची दशमान दुरुस्ती), हेही दोन्हीकडे सारखेच. आज्ञांची लघुनावे (नेमॉनिक) तेवढी वेगळी. प्रोग्रॅमच्या आरंभी असेंब्लीची खूण घालून हे हेक्स अंक टीआयच्या कीपॅडवरूनच भरता येतात. अडचण येते ती सवयीमुळे. किटवर शेवटी ७६, म्हणजे एचएलटी (थांबण्याची आज्ञा), लिहून हात झटकता येतात. टीआयवर पुढचा इंटरप्ट आला की प्रोसेसर जागा होतो आणि पुढे पडलेले बाइट आज्ञा समजून चालवू लागतो; तिथे आरईटी (परतण्याची आज्ञा) हीच हवी. किटवरच्यासारखे उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवायला जावे, तर तिथे फ्लॅश रॉम, काहीच साठत नाही. सगळेच संकेत जुळतात असेही नाही : २० आणि ३० या ८०८५च्या रिम व सिम या इंटरप्टविषयक आज्ञा. झेड८०मध्ये त्यांच्या जागी सशर्त उड्या आहेत.

एचपी-४८एसएक्सचा (१९९०) सॅटर्न प्रोसेसर मात्र वेगळ्याच घडणीचा. त्यात पत्ता बाइटाचा नसून चार बिटांच्या निबलचा असतो. मुख्य रजिस्टर ६४ बिटांचे, म्हणजे १६ निबलचे : एक चिन्हाला, बारा अपूर्णांशाला, तीन घातांकाला. संपूर्ण दशमान संख्या एका रजिस्टरमध्ये मावते, आणि दशमान अवस्थेत बाराही अंकांची बेरीज एकाच आज्ञेत होते. टीआयवर चौदा अंकांचा अपूर्णांश सात बाइटांत असतो. तिथे हातचा सांभाळत, प्रत्येक बाइटाला डीएए देत सात फेऱ्या माराव्या लागतात. किटवर अनेक बाइटांची दशमान बेरीज केलेल्याला सॅटर्नची ही रचना खरोखर सुंदर वाटेल. पहिला प्रोग्रॅम लिहायला टीआय सोपा, पण कॅल्क्युलेटर संख्या कशी धरतो हे शिकायचे तर सॅटर्नच अभ्यासावा.

इतर यंत्रांपैकी टीआय-८९मध्ये (१९९८) मोटोरोला ६८००० प्रोसेसर आहे. कॅसिओच्या एफएक्स-९८६०जीसाठी कंपनीनेच सी भाषेची साधने दिली. एचपी-५०जीमध्ये (२००६) एआरएम प्रोसेसर सॅटर्नची नक्कल करतो. टीआयने २०२०मध्ये परीक्षेच्या सुरक्षिततेचे कारण देऊन टीआय-८४ प्लस सीईच्या नव्या प्रणालीतून असेंब्ली प्रोग्रॅमची सोय काढून टाकली.