जुने इंग्रजी शब्द आणि एक चुकून जन्मलेला शब्द

भारतीय पासपोर्टाच्या आंतल्या पानावर एक इंग्रजी विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकास 'लेट' किंवा अडथळा न होतां जाऊं द्यावें, असा तिचा आशय. 'लेट' म्हणजे 'होऊं देणें' एवढेंच शाळेंत शिकलेला वाचक येथें बुचकळ्यांत पडतो. कारण या ठिकाणीं त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे अडवणूक, असा आहे. जुन्या इंग्रजींत हे दोन निराळे धातु होते. उच्चार झिजून ते एकरूप झाले आणि दुसरा हळूहळू व्यवहारांतून गेला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तो अजून नांदतांना दिसतो.

कांहीं शब्द टिकले, पण त्यांचे अर्थ पालटले. 'नाइस' हा आज स्तुतीचा शब्द. पूर्वीं तो मूर्खाला लावीत. 'सिली' याचा प्रवास उलट्या दिशेचा. आरंभीं तो सुखी, भाग्यवान अशा अर्थाचा होता. मग निष्पाप, मग दुबळा आणि शेवटीं खुळा! भाबड्या माणसाची गत सर्वत्र सारखीच व्हावयाची.

इंग्रजी शब्दांना इंग्रजींतच अर्थ देणारा पहिला कोश १६०४ सालीं निघाला. त्याचा कर्ता रॉबर्ट कॉड्री हा आधीं शाळामास्तर व नंतर धर्मोपदेशक. चर्चचे विधि ठरल्याप्रमाणें करीना म्हणून त्याची वृत्ति काढून घेण्यांत आली होती. त्याच्या पुस्तकांत अडीच हजारांच्या आसपास कठीण शब्द आहेत. सोपे शब्द कोशांत कशाला, अशीच तेव्हांची समजूत होती. वाचकानें प्रथम वर्णमाला क्रमानें पाठ करावी, असेंहि तो बजावतो. मास्तरकी अशी सुटत नाहीं. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत उरली असून ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे.

पुढें १८५७ सालीं ट्रेंच या धर्मोपदेशकानें लंडनच्या भाषाशास्त्रविषयक सभेंत मोठा मुद्दा मांडला. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, शब्दांचा न्यायाधीश नव्हे. म्हणून मेलेले शब्दहि त्यानें नोंदले पाहिजेत. याच वर्षीं मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

ट्रेंचची कल्पना तडीस नेण्याचें काम १८७९ सालीं जेम्स मरे याच्या गळ्यांत पडलें. हा स्कॉटलंडमधील एका शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षीं शाळा सुटलेली आणि नंतर स्वतःच शाळामास्तर झालेला. हौशी वाचकांनीं जुने ग्रंथ चाळून लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्याकडे पोत्यांनीं आल्या. एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला! दहा वर्षांत कोश पुरा होईल असा अदमास होता. पहिला भाग १८८४ सालीं निघाला, तो 'अँट' म्हणजे मुंगी या शब्दाशीं थांबला. गतीहि मुंगीचीच होती.

या पहिल्याच अक्षरांत मरेला 'ॲबॅकॉट' हा शब्द भेटला. इंग्लंडच्या राजांचें दोन मुकुटांच्या आकाराचें शिरोभूषण, असा त्याचा अर्थ जुन्या कोशांतून छापत आला होता. मरेनें मागोवा घेतला तेव्हां असा शब्दच नसल्याचें दिसून आलें. मूळ शब्द 'बायकॉकेट', म्हणजे पुढें-मागें टोंकें असलेली एक टोपी. त्याआधींचें 'अ' हें उपपद बखरकारांच्या छापखान्यांत शब्दालाच चिकटलें, मग अक्षरें बिघडलीं, आणि एका विद्वानाची चूक दुसऱ्यानें डोळे मिटून उतरून घेतली. हा भोंगळपणा खऱ्या अज्ञानापेक्षां वाईट. अज्ञानी मनुष्य निदान कोश रचीत नाहीं. मरेनें १८८२ सालीं ही गोष्ट उघड केली, आणि १८८६ सालीं स्कीट या पंडितानें अशा शब्दांना 'भूतशब्द' असें नांव दिलें.

खोटा शब्द असा पकडला गेला, तरी एक खरा हातून निसटलाच. 'बॉण्डमेड' म्हणजे दासी. या शब्दाची चिठ्ठी गहाळ झाली आणि १८८८ सालीं पुरा झालेला पहिला खंड त्याच्यावांचूनच बाहेर पडला. मरे १९१५ सालीं वारला. कोश १९२८ सालीं संपला. दासीला जागा मिळाली ती १९३३ सालच्या पुरवणींत.