उमेदवार मिळत नाहीत, हे खरे नाही

गोंदिया जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांत कामाच्या ताणाचा विषय निघाला, की एक मत हमखास ऐकू येते : अनुसूचित जमातीच्या पदांना पात्र उमेदवार मिळत नाहीत, पदे रिक्त राहतात आणि त्यांचा भार इतरांवर पडतो. ताण खरा आहे. एकाच ग्रामसेवकाकडे दोन-तीन ग्रामपंचायतींचा प्रभार आला, की गावकऱ्याला तो भेटत नाही आणि त्यालाही उसंत मिळत नाही. पण याचे खापर आरक्षणावर फोडणे मला साफ अमान्य आहे.

जाहिरातच निघाली नाही, तर खुल्या प्रवर्गाची पदेही रिक्त राहतात. तेव्हा त्या प्रवर्गात लायक माणसे उरली नाहीत, असे कुणी म्हणत नाही. आदिवासींच्या बाबतीत मात्र लगेच लायकी निघते. भेदभाव म्हणतात तो हाच.

शिवाय उमेदवार नव्हते, तर अनुसूचित जमातीच्या राखीव जागांवर इतके दावे आले कुठून? हलबा-कोष्टी वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी कोष्टी हे हलबा जमातीचेच असल्याचा दावा अमान्य केला, पण अंतिम झालेल्या नेमणुकांना संरक्षण दिले. त्याच न्यायालयाच्या ६ जुलै २०१७ च्या बहिरा निकालाने दाखला अवैध ठरलेल्यांचे असे संरक्षण संपवले. मग २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या, पदांवर वर्ग केले. अशा दाव्यांनी अडलेल्या राखीव जागा राज्यभरात सुमारे साडेबारा हजार सांगितल्या जातात. त्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांची उपासमार व्हावी, असे मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षे या जागा कागदावर भरलेल्या होत्या, म्हणून अनुशेषात दिसल्याच नाहीत आणि देवरी-सालेकसा तालुक्यांतल्या हलबा-गोंड मुलांच्या वाट्याला आल्या नाहीत.

गोंदियाची अडचण आणखी वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सुमारे १६ टक्के लोक अनुसूचित जमातीचे होते. देवरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. तरीही जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासींना पदभरतीत मिळणारे पेसाचे प्राधान्य इथे लागू नाही.

कर्मचारी संघटनांना माझी विनंती आहे : प्रभाराने वाकलेल्यांसाठी जरूर लढा, पण आरक्षणाविरुद्ध नव्हे. प्रत्येक कार्यालयाची बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे याची नोंद, सूचना फलकावर लावायला सांगा आणि रिक्त पदांच्या जाहिराती मागा.