दर थेंबाला नवा पृष्ठभाग

धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीत ॲल्युमिनियम जस्ताच्या आणि लोखंडाच्याही वर असते. मग ॲल्युमिनियमच्या भांड्यात आपण रोज पाणी कसे उकळू शकतो? या धातूवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर तयार होतो. आपण ज्याला हात लावतो, तो धातू नसतोच. तो हा थर असतो. वर्गात हे सहज दाखवता येते. मोरचुदाच्या द्रावणात ॲल्युमिनियमचा तुकडा टाकला, तर बराच वेळ फारसे काही घडत नाही. त्यात चमचाभर मीठ घाला. क्लोराइड आयन थराला भेदतात आणि तांब्याचा लालसर साका जमू लागतो.

याच थराने लंडनमध्ये एका तरुण विद्यार्थ्याला हैराण केले होते. त्याचे नाव यारोस्लाव्ह हेयरोव्हस्की. २० डिसेंबर १८९० रोजी प्राग येथे जन्मलेले हेयरोव्हस्की १९१० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकायला गेले. तेथे प्रा. डोनन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोडचे विभव मोजायला घेतले. पण मोजमापे स्थिर राहीनात. ऑक्साइडचा थर आणि पृष्ठभागावर सुटणारा हायड्रोजन वायू यांमुळे उत्तर बदलत राही. डोनन यांनी उपाय सुचवला : ॲल्युमिनियम पाऱ्यात मिसळावे आणि ते बारीक नळीतून थेंबाथेंबाने सोडावे. प्रत्येक थेंब ताजा, म्हणून पृष्ठभागही ताजा.

येथे अडचण नीट समजून घेऊ. इलेक्ट्रोडवरील क्रिया धातूच्या पोटात होत नाही, ती पृष्ठभागावर होते. घन इलेक्ट्रोड एकदा वापरला की त्यावर काहीतरी साचते, काहीतरी झिजते. दुसऱ्या वेळी आपण जे मोजतो, ते जणू वेगळ्याच इलेक्ट्रोडवर मोजतो. साक्षीदारच दर वेळी बदलत असेल, तर साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा?

परीक्षेतला एक प्रश्न

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि हेयरोव्हस्कींचे लंडनचे काम थांबले. युद्धकाळात त्यांनी लष्करी रुग्णालयात नोकरी केली. १९१८ साली प्रागमध्ये त्यांची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांपैकी भौतिकीचे प्राध्यापक बोहुमिल कुचेरा हे पाऱ्याचा पृष्ठताण विद्युतविभवानुसार कसा बदलतो, याचा अभ्यास करीत. गळणाऱ्या थेंबांचे वजन करून काढलेल्या त्यांच्या आलेखात काही विसंगती होत्या. त्यांनी तोच विषय काढला आणि ही विसंगती उलगडून पाहावी, असे या उमेदवाराला सुचवले.

हेयरोव्हस्कींनी थेंब गोळा करून वजन करण्याचे किचकट काम दीर्घकाळ केले. अखेर त्यांनी प्रश्नाची बाजूच बदलली. थेंबाच्या वजनाऐवजी थेंबातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायचे ठरवले. १० फेब्रुवारी १९२२ रोजी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात त्यांनी विभव हळूहळू वाढवत नेले. सुमारे दोन व्होल्टच्या आसपास प्रवाह एकदम वाढला. सोडियमचे आयन पाऱ्यावर क्षपण पावत होते. ज्यांनी प्रश्न दिला ते कुचेरा मात्र १९२१ सालीच निवर्तले होते.

पायऱ्यांची भाषा

या आलेखाला पुढे पोलॅरोग्राम म्हणू लागले. तो पायऱ्यांसारखा दिसतो. शिसे, कॅडमियम व जस्त एकाच द्रावणात असतील, तर पोटॅशियम क्लोराइडच्या माध्यमात पायऱ्या अंदाजे उणे ०.४, उणे ०.६ आणि उणे १.० व्होल्टपाशी येतात. (हे आकडे कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या तुलनेत आहेत.) पायरीची जागा सांगते कोणता आयन, पायरीची उंची सांगते किती. उंची आणि आयनांचे प्रमाण यांचे गणिती नाते १९३४ साली इल्कोव्हिच यांनी मांडले.

पाराच का, याचीही कारणे आहेत. तो द्रव असल्याने थेंब पडतात. शिवाय त्यावर हायड्रोजन सहज सुटत नाही, म्हणून जस्तासारख्या धातूंच्या पायऱ्या हायड्रोजनच्या गर्दीत हरवत नाहीत.

सुरुवातीला प्रत्येक बिंदू हाताने मोजावा लागे. १९२४ च्या सुमारास जपानहून आलेले मासुझो शिकाटा आणि हेयरोव्हस्की यांनी फिरत्या फोटोग्राफिक कागदावर आलेख आपोआप उमटवणारे यंत्र बनवले. त्याला पोलॅरोग्राफ म्हणतात. मिश्रधातू, औषधे, अन्न, पाणी यांच्या तपासणीत ही पद्धत पसरली. १९५९ साली हेयरोव्हस्कींना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

पारा विषारी आहे. २०१३ साली झालेल्या मिनामाता करारानंतर त्याचा वापर कमी करण्याकडे जगाचा कल आहे, आणि काही मोजमापांत बिस्मथचा पातळ थर त्याची जागा घेतो आहे. शाळेत पाऱ्याचा प्रयोग आपण करूच नये. मोरचूद आणि मीठ पुरेसे आहे. पण पारा गेला, तरी प्रश्न तोच राहतो. नव्या इलेक्ट्रोडचा पृष्ठभागही दर मोजमापाआधी स्वच्छ करावा लागतो, नाहीतर नव्याने चढवावा लागतो. आपले विद्यार्थी प्रयोगाच्या वहीत न जुळणारे आकडे खोडून जुळते आकडे लिहितात, तेव्हा त्यांना एवढेच विचारू या : ते का जुळले नाहीत? कुचेरांनी परीक्षेत याहून वेगळे काही विचारले नव्हते.